गटारात टाकलेले कुठे जाते?

(विटा येथे नवसाक्षर बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही आपल्यापुढे गटाराविषयी बोलणार आहोत. गटाराचे नाव काढले की बाया नाकाला पदर लावतात, पुरुष तोंड फिरवतात. सगळेजण झपाझप पुढे जातात. पण आज आपण थोडा वेळ तिथेच थांबू. गटारातले पाणी पुढे कुठे जाते, ते पाहू.

विट्याचेच उदाहरण घ्या. रस्त्याच्या कडेला गटार आहे. पाऊस पडला की रस्त्यावरचे पाणी गटारात जाते. गटार नाल्यात जाते. नाला ओढ्याला मिळतो. ओढा येरळेला मिळतो. येरळा नदी खटाव तालुक्यात उगम पावते, आपल्या खानापूर तालुक्यातून वाहते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णा सांगलीवरून नरसोबाच्या वाडीला जाते, मग कर्नाटकात जाते, आणि शेवटी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या दारातले गटार हे नदीचेच टोक आहे.

पुष्कळांना वाटते, गटाराच्या शेवटी सरकारचे काहीतरी यंत्र असेल, ते पाणी साफ करत असेल. इथेच घोटाळा होतो. गटारे दोन प्रकारची असतात. एक मैल्याचे भुयारी गटार. ते नीट बांधलेले असेल तर त्याचे पाणी शुद्धीकरण केंद्रात जाते. दुसरे पावसाळी गटार. त्याचे पाणी कुठेही साफ होत नाही. जसे आहे तसे ते ओढ्यात जाते. म्हणून पावसाळी गटारात पावसाचेच पाणी जायला हवे. पण तसे होते का?

आपल्या भागात पाऊस कमी. म्हणून माणसांनी पोटासाठी नाना धंदे काढले. आपली माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेली. इथे यंत्रमाग चालतात, सुताला खळ लावणारे सायझिंग चालते. अंड्यांच्या पोल्ट्र्या आहेत. मोटारी दुरुस्त करणारी गॅरेजे आहेत. हे सगळे धंदे चांगले आहेत. त्यांवर घरे चालतात, मुले शिकतात. पण प्रत्येक धंद्यात काहीतरी उरते, काहीतरी सांडते. त्याचे काय करायचे, हाच प्रश्न आहे.

सुताची खळ पाण्यात गेली की कुजते. कुजताना ती पाण्यातली हवा खाऊन टाकते. मासे गुदमरून मरतात. गलाईच्या ॲसिडाबरोबर धातू विरघळून जातात. गॅरेजचे जळके तेल पाण्यावर पसरते. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकली की दुसऱ्या दिवशी कुत्री येतात, माश्या येतात. आणि संडासाच्या टाकीचा मैला ओढ्यात ओतला तर त्याच्याबरोबर पटकी, टायफॉइड आणि कावीळ यांचे जंतू जातात. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी निवळले की आपण म्हणतो, "पाणी चांगलं हाय." पण निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आमचा ओढा तर वर्षातले कितीतरी महिने कोरडाच असतोय. कोरड्या ओढ्यात टाकलं म्हणून काय बिघडलं?" पुष्कळ बिघडते. ओढ्याच्या काठी विहिरी असतात, बोअर असतात. वाळूत ओतलेले खाली मुरते आणि विहिरीत पाझरते. जे मुरत नाही ते वाट पाहत बसते. पहिला पाऊस आला की ते सगळे एकदम नदीत जाते.

आता आणखी एक गोष्ट सांगतो. टेंभू गाव कऱ्हाड तालुक्यात आहे. तिथे कृष्णेचे पाणी उचलतात आणि आपल्या दुष्काळी रानात आणतात. त्याच पाण्यावर आपला ऊस उभा राहिला, डाळिंब उभे राहिले. हे पाणी टेंभूला येण्याआधी कुठून येते? महाबळेश्वरहून निघते, वाईवरून येते, कऱ्हाडवरून येते. म्हणजे वाईच्या माणसाने नदीत जे सोडले ते आपल्या रानात येते. आणि आपण ओढ्यात जे सोडतो ते ब्रह्मनाळच्या, सांगलीच्या माणसाकडे जाते. आपण कुणाच्या तरी खालच्या अंगाला आहोत, आणि कुणाच्या तरी वरच्या अंगाला. खालच्या अंगाला बसून वरच्याला शिव्या देणे सोपे असते. पण आपण स्वतः वरच्या अंगाला असतो तेव्हा काय करतो, ते पाहिले पाहिजे.

खालच्या अंगाला काय होते, ते आपल्या जवळच घडलेले आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. ती पाण्यातून आली. हजारो माणसे आजारी पडली, कितीतरी दगावली. २०२३ सालच्या मार्च महिन्यात सांगलीजवळ कृष्णेच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडला. सांगलीचा शेरीनाला तर आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. शहराचे सांडपाणी घेऊन तो कृष्णेला मिळतो. त्याचे पाणी उचलून धुळगावकडे न्यायची योजना केली, तरी तक्रारी संपल्या नाहीत. एकदा घाणीची वाट पडली की ती मोडायला वर्षे लागतात, आणि पैसा लागतो तो वेगळाच.

आता आमच्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. त्यात आमचीही चूक आहे, तीही सांगतो.

२०१६ सालचा उन्हाळा होता. आम्ही एका खेड्याच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेजवळून ओढा जातो. ओढ्याच्या काठाला विहीर आहे, आणि अर्धी वाडी त्या विहिरीचे पाणी पिते. त्या उन्हाळ्यात पाण्याला वास यायला लागला. पोरांना जुलाब होऊ लागले. वर्गातली हजेरी कमी झाली. बायका म्हणाल्या, "रात्री फरशीवर टँकर येतोया. मैल्याचा टँकर हाय. पाइप सोडून मोकळा करतोया आन् जातोया."

सगळ्यांना माहीत होते, पण कोणी बोलेना. कारण तो टँकरवाला गावचाच होता. कोणाचा भाऊबंद, कोणाचा सोयरा. त्याची दोन मुले आमच्याच शाळेत होती. तक्रार करायची म्हणजे वैर घ्यायचे. आम्हीही महिनाभर गप्प राहिलो. उगीच कशाला वाईटपणा घ्या, असे मनाशी म्हणालो. हेडमास्तराने असे म्हणावे, याची आज लाज वाटते.

त्या वेळी शाळेत रात्री प्रौढांचा वर्ग भरे. वर्गात एक आजी येत. साठी उलटलेली. अक्षरे जुळवताना त्यांना घाम फुटे. पण आकडे त्या लवकर शिकल्या. बाजारात फसवणूक होते म्हणून आकडे आधी शिकव, असे त्यांनीच सांगितले होते. एके रात्री त्या वही घेऊन आल्या. वहीत एका ओळीत अक्षरे आणि आकडे होते. वाकडेतिकडे, पण स्पष्ट.

"ह्ये काय, आजी?" आम्ही विचारले.

"गाडीचा नंबर हाय, गुर्जी. काल रात्री कंदील घिऊन गेले हुते. इंग्रजी अक्षरं मला येत न्हाईत, ती नातीनं सांगितली. आकडं माझं मी वाचलं. आता ह्याचा अर्ज लिवा."

"आजी, तो आपल्या गावचाच आहे."

"आन् हिरीतलं पाणी कुण्या गावचं हाय?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही अर्ज लिहिला. तारीख, वेळ, जागा आणि नंबर घातला. खाली चौदा सह्या झाल्या. त्यातल्या पाच सह्या वर्गातल्या बायकांच्या होत्या. जन्मभर अंगठा उठवलेल्या बायकांनी त्या दिवशी पहिली सही केली, ती पाण्यासाठी. अर्ज कचेरीत दिला आणि पोच घेतली. आधी तोंडी तक्रार झाली होती, तेव्हा "बघतो" एवढेच उत्तर मिळाले होते. लेखी अर्ज गेल्यावर मात्र पाचव्या दिवशी माणसे पाहायला आली. पाण्याचा नमुना नेला. टँकरच्या मालकाला नोटीस गेली, दंड झाला. ओढ्यात टँकर यायचा थांबला.

मंडळी, गोष्ट इथे संपली असती तर आम्ही मान ताठ करून सांगितली असती. पण पुढे एक दिवस तो टँकरवाला आमच्याकडे आला. रागाने आला नाही. ओसरीवर बसला आणि म्हणाला, "गुर्जी, अर्ज तुमी लिवला, मला कळलंय. दंड भरला म्या. पण एक सांगा. मैला टाकायची सरकारी जागा लांब हाय. जायला-यायला डिझेल लागतंय. मालक डिझेल देत न्हाई. गिऱ्हाईक म्हणतंय, स्वस्तात कर. म्या काय करू? आन् दुसरं इचारू का? तुमच्या संडासाच्या टाकीचं पाणी कुठं जातंय?"

आम्ही म्हणालो, "टाकीत."

तो म्हणाला, "टाकीतनं पुढं?"

तो गेल्यावर आम्ही घरामागे जाऊन पाहिले. टाकीला एक पाइप होता, आणि तो गटारात सोडलेला होता. घर बांधताना गवंड्याने सोडला होता. इतकी वर्षे आम्ही त्याकडे पाहिलेही नव्हते. टँकर एका रात्रीत ओततो तेवढे एकदम नाही, पण आमचे घर रोज थोडे थोडे ओतत होते. ज्याच्याविरुद्ध अर्ज लिहिला तो आणि आम्ही, दोघेही एकाच ओढ्यात घाण सोडत होतो. फरक एवढाच, त्याची गाडी दिसत होती आणि आमचा पाइप दिसत नव्हता. पुढच्या आठवड्यात आम्ही शोषखड्डा खणून घेतला आणि तो पाइप त्यात सोडला.

त्या टँकरवाल्याने विचारलेले दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यातला पहिला प्रश्न नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतीने सोडवायचा आहे. नुसता दंड करून भागत नाही. माणसाला घाण टाकायची योग्य जागा दिली पाहिजे, आणि तिथे टाकणे परवडले पाहिजे. हे होऊ शकते का? होऊ शकते. वाईने करून दाखवले.

वाई हे सातारा जिल्ह्यातले कृष्णाकाठचे गाव. बहुतेक घरांच्या संडासांना सेप्टिक टाक्या आहेत. पूर्वी तिथेही आपल्यासारखेच होते. टाकी तुंबली, घाण वर आली की मग गाडी बोलवायची. तोवर वर्षानुवर्षे टाकीला हात लावायचा नाही. भरलेल्या टाकीत मैला ठरत नाही, पाण्याबरोबर तो गटारात जातो. २०१८ साली वाई नगरपरिषदेने नवी पद्धत सुरू केली. कोणी बोलवायची वाट पाहायची नाही. एकेका भागाची पाळी लावायची, आणि तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा उपसायची. उपसलेला मैला गावाबाहेरच्या शुद्धीकरण केंद्रात न्यायचा. त्या वेळी वेगळे पैसे मागायचे नाहीत. खर्च करातून भागवायचा. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हाच मार्ग धरला. यात युक्ती अशी की, चोरून ओतण्यात फायदाच उरत नाही. आणि लक्षात घ्या, वाईने टाक्या साफ ठेवल्या, त्याचा लाभ खालच्या अंगाला आपल्यापर्यंत येतो.

आपले विटाही मागे नाही. २०२१ सालच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत विटा देशात पहिले आले. दिल्लीत राष्ट्रपतींच्या समारंभात तो मान मिळाला. आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील मंत्री होते, तेव्हा २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. म्हणजे स्वच्छतेचे काम आपल्या मातीत आहे. पण रस्ता स्वच्छ दिसला की काम संपले, असे मानू नये. रस्ता दिवसा दिसतो. गटारात रात्री काय ओततात ते दिसत नाही. खरी परीक्षा तिथे आहे.

आता कायद्याविषयी थोडे सांगतो. आपल्या महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच कायदा केला. १९७० साली राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. १९७४ साली सगळ्या देशाचा कायदा आला. हा कायदा सांगतो की, विषारी किंवा घाण पदार्थ जाणूनबुजून ओढ्यात, नदीत, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडू नये. कारखान्याने सांडपाणी सोडण्याआधी मंडळाची संमती घ्यावी. न ऐकल्यास मंडळ कारखाना बंद करण्याचा हुकूम देऊ शकते, त्याची वीज आणि पाणी तोडायला सांगू शकते. या कायद्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. वाहता असो वा कोरडा, ओढा हा ओढाच धरला आहे. तेव्हा "ओढा कोरडा होता" ही सबब चालत नाही.

पण कायदा पुस्तकात झोपलेला असतो. त्याला जागे करायला कोणीतरी अर्ज द्यावा लागतो. त्यासाठीच तर आपण लिहायला शिकलो. परदेशातली एक जुनी गोष्ट ऐका. १८५४ साली लंडन शहरात एका वस्तीत पटकीची साथ आली. सहाशेहून अधिक माणसे मेली. रोग हवेतून येतो, असे तेव्हा लोक समजत. जॉन स्नो नावाचे डॉक्टर घरोघर गेले. कोण मेले, कोणत्या पंपाचे पाणी पीत होते, हे त्यांनी लिहून काढले, पुढे नकाशावर खुणाही केल्या. बहुतेक खुणा एकाच पंपाभोवती जमल्या. डॉक्टरांनी आपली माहिती पंचांपुढे ठेवली, आणि पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे कळले की, त्या पंपाच्या विहिरीजवळ मैल्याचा खड्डा पाझरत होता. डॉक्टरांच्या हाती अधिकार नव्हता. कागद होता आणि पेन्सिल होती. आमच्या आजीच्या हाती कंदील होता आणि वही होती.

तेव्हा अर्ज कसा लिहायचा, ते आता पाहू. अवघड नाही. असा लिहावा :

दिनांक ............

मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद, विटा
(खेडे असेल तर : मा. सरपंच, ग्रामपंचायत ............)

विषय : ओढ्यात घाण पाणी सोडल्याबाबत.

महोदय,
दिनांक ............ रोजी रात्री ......... वाजता ............ पुलाजवळ ............ या नंबरच्या गाडीने मैल्याचे पाणी ओढ्यात सोडले. आम्ही ते पाहिले आहे. जवळच पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. तरी जागेची पाहणी करावी, पाण्याचा नमुना तपासावा आणि हा प्रकार बंद करावा, ही विनंती.
आपले,
(नावे आणि सह्या)

एवढेच पुरे. पाहिले तेवढेच लिहा. ऐकीव लिहू नका, शिव्या लिहू नका. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. यालाच पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिला नाही असेच समजतात. कारखान्याचे पाणी असेल तर एक प्रत सांगलीला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कचेरीत पाठवा. उत्तर आले नाही तर २००५ सालचा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये फी भरून विचारता येते की, आमच्या अर्जाचे काय झाले? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. एकट्याने अर्ज देऊ नका. दहाजण मिळून द्या, म्हणजे एकावर राग येत नाही. आणि रात्री कोणाशी भांडायला जाऊ नका. नंबर, वेळ आणि जागा लिहून ठेवा, ते पुष्कळ झाले.

अर्ज लिहिण्याआधी मात्र आपल्या घरामागे जाऊन या. टाकीचा पाइप कुठे जातो, ते पाहा. गटारात जात असेल तर शोषखड्डा करा. खड्डा विहिरीपासून लांब असावा. टाकी तीन वर्षांनी उपसून घ्या. टाकीत माणूस उतरवू नका. आत विषारी वायू असतो, माणूस पाहता पाहता मरतो. २०१३ सालच्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असे उतरवणे गुन्हा आहे. फवारणीचे डबे ओढ्यात, पाटात धुऊ नका. जळके तेल डब्यात साठवून विकत घेणाऱ्याला द्या. मेलेली कोंबडी चुना टाकून खोल पुरा. गाडीवाल्याला बोलावले तर नुसता भाव विचारू नका. "मैला कुठं नेऊन टाकणार?" हेही विचारा. दोन पैसे जास्त लागले तर द्या. आपण स्वस्तात मागतो, म्हणून तो ओढ्यात ओततो.

त्या आजी आता हयात नाहीत. विहीर आहे. वाडी अजून तिचे पाणी पिते. वर्गातल्या बायकांनी विहिरीच्या काठावर खडूने लिहिले होते, "पाणी सर्वांचे आहे." पावसाने ते पुसले. त्यांनी पुन्हा लिहिले. दरवर्षी लिहितात.

आपणही लिहायला शिकला आहात. ते नुसते सहीपुरते ठेवू नका. उद्या सकाळी उठून दारातले गटार कुठे जाते ते पाहा. त्याच्या मागे ओढ्यापर्यंत चालत जा. काय दिसले ते वहीत लिहा, आणि पुढच्या वर्गाला ती वही घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.